खुंटीवरचा मृदंग बोलता करताना

लग्नसराईतली बारामती. मंगल कार्यालयात ऑर्केस्ट्राचा ड्रमसेट वाजत असतो आणि दोन गल्ल्या पलीकडच्या देवळात हरिनाम सप्ताहाचे कीर्तन रंगात आलेले असते. ड्रमवर काठी पडली की आवाज छातीत घुमतो, पण त्यावरून कुणाला षड्ज लावता येत नाही. देवळातला मृदंग मात्र ‘ता’ म्हणतो, आणि चाल म्हणणारा बुवा त्याच सुरात सहज आवाज मिसळतो. दोन्ही वाद्यांची मूळ रचना एकच. पोकळ खोड, त्यावर ताणलेला पडदा आणि वरून आघात. मग एकाला सूर आहे आणि दुसऱ्याला नाही, असे का?

हे कोडे फक्त शास्त्रज्ञांचे नाही. देवळाच्या ओवरीत, वाड्याच्या माळ्यावर किंवा दिंडीच्या सामानाच्या पेटीत ज्यांना एखादा जुना, पुडी (तोंडावरचे कातडे) फाटलेला मृदंग सापडतो, त्यांना त्याचे उत्तर ठाऊक असायला हवे. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला आणि पुढे सराटीच्या नीरेकाठी जातो. या वाटेवरच्या गावांत भजनी मंडळ नाही असे गाव शोधावे लागेल, आणि मंडळ म्हटले की मृदंग आलाच. अलीकडे नट-बोल्टचे मृदंग, म्हणजे पखवाज, आले. चावी फिरवली की सूर चढतो, सोय मोठी आहे. त्यामुळे वादीचे, म्हणजे चामड्याच्या पट्टीने ताणायचे जुने मृदंग खुंटीला लागले. त्यातले बरेच वाद्य म्हणून अजून धडधाकट आहेत. गेली आहे ती कातडी, आणि कातडी बदलण्यासाठीच असते. खोड मात्र एकदा बिघडवले की परत मिळत नाही.

नुसत्या कातड्याला सूर का नाही

तार छेडली की ती एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते. मुख्य कंपन सेकंदाला १०० वेळा होत असेल, तर सोबतची उपकंपने २००, ३००, ४०० अशी असतात. ही सगळी पटीत असल्याने कानाला एकच भरीव सूर ऐकू येतो. ताणलेल्या गोल पडद्याचा हिशेब वेगळा आहे. त्याचे मुख्य कंपन १०० धरले, तर पुढची साधारण १५९, २१४, २३०, २६५, २९२ अशी येतात. यांत पटीचे नाते कुठेच नाही. ऊसगाडीला जुंपलेल्या बैलांनी आपापल्या चालीने ओढायला सुरुवात केली तर गाडी जशी हिसके खाते, तसा हा आवाज दणदणीत असूनही सुराच्या दृष्टीने विस्कटलेला असतो.

मृदंगाच्या उजव्या तोंडावरचा काळा गोल, म्हणजे शाई, हा विस्कटलेपणा घालवतो. १९२० साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात यावर छोटे टिपण प्रसिद्ध केले, आणि १९३४ मध्ये सविस्तर निबंध लिहिला. ज्या शोधासाठी रामन यांना १९३० चे नोबेल मिळाले तो प्रकाशाचा होता, पण मृदंग आणि तबल्यावरचे त्यांचे काम मला तितकेच मोलाचे वाटते. पुडीवर बारीक वाळू पसरून, ती कुठे उडते आणि कुठे रेषा धरून थांबते, हे पाहत त्यांनी कंपनांचे नकाशे काढले. नऊ वेगवेगळी कंपने पाच गटांत येऊन बसतात आणि हे पाच गट १, २, ३, ४, ५ या पटीत असतात, असे त्यांना दिसले.

असे होण्याचे कारण समजायला अवघड नाही. मुख्य कंपनात पुडीचा मध्यभाग सगळ्यात जास्त वर-खाली होतो. शाईचे वजन नेमके तिथेच असल्याने हे कंपन सगळ्यात जास्त मंदावते. दुसऱ्या कंपनात पुडीचा अर्धा भाग वर जातो तेव्हा उरलेला अर्धा खाली येतो आणि मधली रेषा जवळजवळ स्थिर राहते. तिथे शाईचा भार कमी जाणवतो, म्हणून ते कमी मंदावते. पहिल्याचा वेग जास्त उतरला, दुसऱ्याचा कमी, की त्यांच्यातले अंतर वाढते. १.५९ चे गुणोत्तर सरकत सरकत २ वर येते. पुढची कंपनेही अशीच आपापल्या जागी जातात. त्यासाठी शाईचा व्यास, मध्यावरची जाडी आणि कडेकडे होणारा उतार हे तिन्ही नेमके जमावे लागतात. आपल्या कारागिरांनी हे कागदावर समीकरण न मांडता हाताने आणि कानाने साधले होते.

शाईची पुडी बदलण्याचे काम कुणाकडे द्यायचे हे ठरवताना हा तपशील मनात ठेवावा. शाईत लोखंडाची बारीक पूड, काजळी आणि भाताची किंवा कणकेची खळ असते. कारागीर तिचा पातळ थर देतो, तो ओलसर असतानाच गुळगुळीत दगडाने घासतो, वाळू देतो आणि पुढचा थर देतो. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा लहान. घासण्याने शाईत केसासारख्या बारीक भेगांचे जाळे तयार होते. नवख्या माणसाला तो दोष वाटतो, पण त्या भेगांमुळेच शाई कातड्याबरोबर लवते. जाड थर एका दमात दिलेली शाई दिसायला चकचकीत असते आणि महिन्या-दोन महिन्यांत खपली धरून सुटते.

खोड वाचायला शिकावे

सापडलेले वाद्य मृदंगच आहे ना, हे आधी पाहावे. आपल्या भागात तमाशाची ढोलकीही तितकीच जुनी, आणि माळ्यावरच्या धुळीत दोन्ही वाद्ये सारखीच दिसतात. मृदंग लांब असतो, साधारण दोन फूट किंवा थोडा अधिक, आणि त्याची दोन तोंडे उघड लहान-मोठी असतात. उजवे सहा-साडेसहा इंच, डावे साडेआठ-नऊ किंवा त्याहून मोठे. सगळ्यात जाड भाग मधोमध नसून डाव्या तोंडाकडे सरकलेला असतो. ढोलकी आखूड असते आणि तिच्या तोंडांत इतका फरक नसतो. शिवाय ढोलकीच्या डाव्या पुडीला आतून मसाल्याचा लेप असतो. मृदंगाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे धुमाच्या पुडीवर, बाहेरून कणीक लावतात आणि वाजवून झाले की ती खरवडून काढतात. जुन्या धुमावर त्या कणकेचा पिवळट गोल डाग बहुधा राहिलेला असतो. वाद्य ओळखायला तेवढा डागही पुरतो.

दुसरा प्रश्न लाकडाचा. खैर, शिसव, बाभूळ, बिबळा, आंबा अशी अनेक लाकडे वापरली गेली आहेत. बाहेरून वर्षानुवर्षांचे तेल, मळ आणि वारंवार लावलेले वॉर्निश यांमुळे सगळी खोडे काळपट होतात, म्हणून बाहेरच्या रंगावर विसंबू नये. पुडी काढल्यावर तिच्या खाली झाकलेला तोंडाचा काठ दिसतो. तिथे हात आणि तेल पोचलेले नसते. शिसवाचा काठ जांभळट तपकिरी आणि काळ्या रेघांचा, खैराचा गडद तांबूस, आंब्याचा फिकट, पिवळसर आणि बोटाला थोडा भुसभुशीत. हातात उचलूनही अंदाज येतो. शिसवाची घनता पाण्याच्या आठ दशांशांच्या पुढे असते, खैर जवळजवळ पाण्याइतका जड, आणि आंबा साडेसहा दशांशांच्या आसपास. म्हणजे एकाच मापाचे आंब्याचे खोड शिसवाच्या पाऊणपट भरेल. आंब्याचे आहे म्हणून वाद्य टाकाऊ ठरत नाही. त्याला कीड आणि ओल यांपासून अधिक जपावे लागते, इतकेच.

त्याच काठावर आणखी एक खूण असते. लाकडाची वर्तुळे तोंडाभोवती गोल फिरत असतील, तर खोड एकाच ओंडक्यातून पोखरून काढलेले आहे. रेषा तुकड्या-तुकड्याने दिशा बदलत असतील आणि मध्ये सरसाची रेघ दिसत असेल, तर ते फळ्या जोडून केलेले आहे. जोडकामात चूक काही नाही, पण अशा खोडाला ओल्या फडक्याने भिजवण्याची चूक करू नये.

मग विजेरी घेऊन आत पाहावे. मला स्वतःला जुन्या मृदंगाचा हा भाग सर्वात बोलका वाटतो. आत एकसारख्या, समान अंतराच्या गोल रेघा असतील तर खोड यंत्राच्या कातावर पोखरलेले. आखूड, तिरके, एकमेकांवर चढलेले टवके दिसत असतील तर ते पटाशी आणि वाकसाचे काम. हाताने पोखरलेल्या खोडाची जाडी सगळीकडे सारखी नसते. काही ठिकाणी मध्याकडे मुद्दाम जाडी ठेवून तोंडाकडे लाकूड पातळ केलेले असते. हे सारे खुणांनी नोंदवून ठेवावे, घासून एकसारखे करू नये. केवळ लाकडाकडे पाहून वाद्याचे वय सांगता येत नाही. कुणी छातीठोकपणे शंभर-दीडशे वर्षे म्हणाले तर आधार विचारावा. कोरलेले नाव, देणगीचे अक्षर, देवस्थानच्या जुन्या वहीतली नोंद असेल तरच वर्ष सांगावे.

बाहेरच्या अंगावर गठ्ठ्यांचे वळ शोधावेत. गठ्ठे म्हणजे वादीखाली सरकवलेले लाकडी ठोकळे, एकूण आठ. ते खाली ठोकले की वादी ताणली जाते आणि सूर चढतो. वर्षानुवर्षे एकाच पट्ट्यात सरकल्याने खोडावर आठ गुळगुळीत खोलगट वाटा पडतात. वाटा खोल, म्हणजे वाद्य पुष्कळ वाजलेले. दिंडीत गळ्यात अडकवून वाजवलेल्या मृदंगावर पट्टा बांधण्याच्या जागा घासलेल्या असतात. देवळात मांडीपुढे ठेवून वाजवलेल्याची जमिनीला टेकणारी बाजू झिजलेली असते. बेलवाडीच्या गोल रिंगणात पखवाजवाले वाद्य गळ्यात घालून धावतात. त्या धावण्यात वाद्याला किती हिसके बसत असतील याचा विचार केला, की दिंडीच्या मृदंगावरचे ओरखडे पाहून वाईट वाटत नाही.

जपानी ड्रमचे वेगळे गणित

ज्यांनी जुन्या ड्रमसेटची दुरुस्ती केली आहे त्यांना यातले काही ओळखीचे वाटेल. १९६० च्या दशकात जपानमध्ये निर्यातीसाठी प्रचंड प्रमाणात ड्रम बनत. पर्ल ही कंपनी १९४६ मध्ये सुरू झालेली. नागोयाची होशिनो १९०८ पासून संगीताच्या धंद्यात, तिचे ड्रम आधी ‘स्टार’ नावाने निघत आणि १९७४ पासून ‘टामा’ नावाने. पण अमेरिकेतले आणि इतर देशांतले व्यापारी त्याच कारखान्यांतून माल घेऊन त्यावर आपापल्या दुकानाचे बिल्ले लावत. त्यामुळे जुन्या जपानी ड्रमवरचा बिल्ला विकणाऱ्याचे नाव सांगतो, बनवणाऱ्याचे नाही. जाणकार बिल्ला सोडून ताणाच्या पेट्यांचा आकार, कड्यांची घडण, आतले लाकूड आणि तोंडाजवळच्या आधाराच्या पट्ट्या पाहतात. फिलिपिन्स महोगनी म्हणून विकल्या जाणाऱ्या लावान लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून केलेले खोड आणि वर चमकदार प्लास्टिकचे वेष्टण, ही त्या काळातल्या स्वस्त जपानी ड्रमची नेहमीची ठेवण.

मृदंगाला बिल्लाच नसतो, पण पद्धत तीच लागू पडते. वरचे वेष्टण सोडून सांगाडा वाचायचा. फरक पडतो तो पुढे. ड्रमची कातडी १९५७ पासून प्लास्टिकची झाली आणि ठरावीक इंची मापांत दुकानात मिळू लागली. बारा इंची ड्रमला बारा इंची पडदा आणला, चावीने आवळला, काम झाले. मृदंगाला असे तयार माप नाही. प्रत्येक तोंडाची गोलाई, काठाचा उतार, शाईचे वजन जमवावे लागते. म्हणून ड्रमसेटची दुरुस्ती हौशी माणूस घरी करू शकतो, तर मृदंगाची पुडी कारागिराकडूनच बसवून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. खोडाची काळजी मात्र आपण स्वतः घेऊ शकतो. जपानचा एक ‘ड्रम’ तर आपल्या ऑर्केस्ट्रांनी कधीच आपलासा केला आहे. रोलँड कंपनीचा ऑक्टोपॅड १९८५ मध्ये आला. त्याला कातडीही नाही आणि खोडही नाही, त्यामुळे त्याच्यापुढे हे प्रश्नच उभे राहत नाहीत.

> चौकट : कारागिराकडे नेण्याआधी
> वाद्य जसे सापडले तसेच चारही बाजूंनी फोटो काढावेत. दोन्ही तोंडांचा बाहेरचा व्यास आडवा आणि उभा, असा दोनदा मोजावा. दोन मापांत फरक आला तर तोंड लंबगोल झाले आहे. जुनी पुडी आणि वादी टाकू नये. शाईचा व्यास, पुडीभोवतीच्या गजऱ्याची वीण आणि वादीची रुंदी हाच नव्या कामाचा नमुना असतो. काळ्या कागदावर खोड आठ दिवस उभे ठेवून कागदावर पिठासारखी भुकटी पडते का ते पाहावे. पॉलिश, रंग, सँडपेपर यांना हात लावू नये.

आधी लाकूड, मग कातडे

काळ्या कागदावर ताजी भुकटी पडली तर आत किडा जिवंत आहे आणि बाकी सगळे काम थांबवून तो आधी मारायला हवा. नाहीतर नवी पुडी बसवलेल्या खोडाला वर्षभरात नवी भोके पडतील. उघड्या, न रंगवलेल्या लाकडावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड पाण्यात मिसळून ब्रशने लावणे हा चांगला उपाय आहे. द्रावण लाकडात मुरते आणि वाळल्यावरही किडीला मारक राहते. पिचकारीने भोकांतही सोडावे. हातमोजे घालावेत, आणि कोरडे होईपर्यंत खोड सावलीत, हवेशीर जागी ठेवावे. भुकटी पडतच नसेल आणि भोके जुनी असतील, तर ती बुजवण्याचीही घाई नको.

चिरांच्या बाबतीत आपल्याकडे हमखास चूक होते. बारामती आणि इंदापूर हा पर्जन्यछायेचा पट्टा. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की खोडाच्या चिरा उघडून बोट जाईल इतक्या रुंद दिसतात. त्या पाहून घाबरून लगेच सरस आणि लाकडाचा भुसा ठासला जातो. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, की लाकूड फुगते. चीर मिटायला जागा हवी असते, तिथे आता कडक भराव बसलेला. लाकडाचा सगळा जोर त्या भरावावर येतो आणि शेजारी नवी चीर पडते. म्हणून पावसाळा संपून हवा कोरडी पण मवाळ झाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपास, चिरांकडे पाहावे. केसासारखी चीर तशीच सोडावी. रुंद चिरेत त्याच जातीच्या लाकडाची पातळ चिपाटी सरसाने बसवावी. तोंडाच्या काठापर्यंत पोचलेली चीर ही खरी काळजीची. काठ त्या जागी दबतो, पुडी नीट टेकत नाही आणि आवाजात भणभण येते.

काठाची परीक्षा घरी करता येते. काचेच्या सपाट तुकड्यावर खडूची पूड पसरावी आणि खोडाचे तोंड त्यावर अलगद ठेवून किंचित फिरवावे. काठ सगळीकडे सारखा टेकत असेल तर पांढरी रेघ अखंड उमटते. जिथे रेघ तुटते तिथे काठ खाली बसलेला आहे. ड्रमसेट दुरुस्त करणारेही हीच परीक्षा करतात, कारण सूर कुठल्याही वाद्याचा असो, पडदा एका पातळीत टेकला नाही तर तो लागत नाही. उंच राहिलेला भाग काढण्यासाठी एकाच दिशेने, फार थोडे घासावे आणि पुन्हा पूड लावून पाहावे. काठाची आतली कड तीक्ष्ण ठेवू नये. पुडी तिथे कापली जाते.

खोडाच्या आतल्या भागाला मी काहीही लावू देणार नाही. वॉर्निशचा जाड थर आतल्या लाकडाची छिद्रे बुजवतो आणि हाताच्या कामाच्या खुणा कायमच्या झाकतो. बाहेरून मात्र जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात, कापडाने लावून लगेच पुसून घेतलेला, पुरेसा असतो. शंभर हातांनी गुळगुळीत झालेली जुनी चमक दुकानातल्या लाखेपेक्षा सुंदर असते.

पुडी, वादी आणि सुराची निवड

कारागिराकडे गेल्यावर तो पहिल्यांदा विचारेल : कुठल्या पट्टीत हवा? हा प्रश्न ‘तुम्हीच ठरवा’ म्हणून टाळू नये. पुडीचा सूर दोन गोष्टींवर ठरतो, तोंडाचा व्यास आणि ताण. व्यास वाढला की सूर उतरतो, ताण वाढला की चढतो. पण ताणाचा हिशेब फसवा आहे. तोच सूर वरच्या सप्तकात न्यायचा तर ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. एक पट्टी, म्हणजे पेटीवरची शेजारची पट्टी, चढवायलाही ताण सुमारे बारा टक्क्यांनी वाढवावा लागतो. सहा इंच आणि साडेसहा इंच तोंडांत दिसायला अर्ध्या इंचाचा फरक, पण तेवढ्याने एका पट्टीहून अधिक फरक पडतो. म्हणजे मोठ्या तोंडाचा जुना मृदंग वारकरी भजनाच्या उंच पट्टीत नेण्याचा हट्ट धरला, तर आधी वादी, मग गजरा आणि शेवटी काठ यांवर जोर येतो. वाद्य ज्या सुरात सहज, मोकळे वाजते तो त्याचा सूर. मंडळाची पट्टी वेगळी असेल तर या वाद्याला एकल वादनासाठी किंवा शिकणाऱ्यांसाठी ठेवावे. नाना पानसे यांच्यासारख्या एकोणिसाव्या शतकातल्या पखवाजियांनी घराणे उभे केले, तेव्हा मृदंग स्वतंत्र वाद्य म्हणूनही ऐकला जात होता. आळंदीत जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेमुळे आणि तिथल्या शिक्षणाच्या परंपरेमुळे गावोगावी शिकलेले पखवाजी पोचले आहेत. वाद्य कुठल्या पट्टीत मोकळे वाजते हे त्यांतल्या जुन्या वादकाला हातात देऊन विचारावे.

पुडी शेळीच्या कातड्याची असते आणि तिचे तीन भाग डोळ्यांना वेगळे दिसतात. कडेची चाट, मधली लव आणि शाई. तिला वेटोळा घालणारा चामड्याचा विणलेला गजरा, त्यात सोळा घरे, आणि त्यांतून दोन्ही तोंडांमध्ये येरझारा घालणारी वादी. बसवताना पुडी ओलसर असते. वादी एका बाजूने ओढत गेले तर पुडी सरकते आणि शाई मध्यावरून ढळते. म्हणून समोरासमोरची घरे आळीपाळीने ओढतात, आणि मग दोन-चार दिवस सावलीत वाळू देतात. शाई मध्यावर आहे का हे मोजपट्टीने स्वतः पाहावे. पाव इंचाचा फरकही, वर सांगितलेली कंपने आपापल्या जागेवरून हलवायला पुरेसा असतो. काही कारागीर तयार शाईची पुडी चढवतात, काही पुडी खोडावर बसवल्यावर त्याच वाद्यावर शाई चढवतात. दुसरी पद्धत वेळखाऊ आहे, पण जुन्या खोडासाठी तीच मागावी, कारण तिथे शाई त्या तोंडाच्या ताणाला ऐकत ऐकत घडते.

वादीऐवजी नायलॉनची दोरी घालावी का, हाही प्रश्न येतोच. दोरी स्वस्त, भिजत नाही आणि सहज मिळते. मी तरी जुन्या खोडाला चामड्याचीच वादी घालावी म्हणेन, कारण रुंद वादी खोडावर दाब पसरून देते आणि गठ्ठ्यांच्या जुन्या वाटा तिच्याच मापाच्या असतात. बारीक दोरी त्या वाटांवर नीट बसत नाही. खोडाला भोके पाडून नट-बोल्ट घालण्याची सूचना मात्र कुणीही केली तरी मानू नये. ते भोक परत भरून येत नाही.

सूर लावणे आणि पावसाळा

ढोबळ चढ-उतार गठ्ठ्यांनी करायचा आणि बारीक काम हातोडीने गजऱ्यावर. गजरा खाली ठोकला की त्या घराचा सूर चढतो, खालून वर ठोकला की उतरतो. पुडीवर बोटाने एकेका घरासमोर चाटेवर टिचकी मारत फिरावे. सोळाही घरांचा सूर एकच हवा. एक बाजू किंचित चढी राहिली, तर एकाऐवजी जवळजवळचे दोन सूर एकत्र वाजतात आणि आवाज हेलकावे खातो. सेकंदाला चार हेलकावे ऐकू आले, तर त्या दोन सुरांत सेकंदाला चार कंपनांचा फरक आहे, इतका सरळ हिशेब. हेलकावे मंदावत मंदावत थांबले की पुडी सुरात आली.

मग धुमाला कणीक. गव्हाच्या पिठाचा गोळा मऊ मळून तो मध्यावर थापायचा. कणकेचे वजन जास्त तितका धूम खाली जातो. खोडातली हवा दोन्ही पुड्यांना जोडत असल्याने कणीक लावून झाल्यावर उजवी बाजू पुन्हा एकदा तपासावी. वाजवणे संपले की कणीक लगेच काढून ओलसर फडक्याने पुसावी. वाळलेली कणीक कातड्याला ओरखडे पाडते, आणि तिच्या वासाने उंदीर येतात. खुंटीवरच्या जुन्या मृदंगांच्या धुमावर दिसणारी कुरतडलेली भोके बहुतेक त्यांचीच.

आषाढी वारी पावसात असते. दमट हवेत कातडे पाणी शोषून घेते, सैलावते आणि जडही होते. दोन्ही कारणांनी सूर उतरतो. वाटेवर पखवाजी सकाळी लावलेला सूर दुपारच्या सरीनंतर पुन्हा चढवतो तो यामुळेच. पण मुक्कामाला पोचल्यावर ताणलेला मृदंग तसाच ठेवू नये. रात्री हवा कोरडी झाली तर कातडे आक्रसते आणि चढवलेला ताण आणखी वाढतो. पुडी झोपेत फुटते ती अशी. गठ्ठे थोडे सैल करून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून वाद्य ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये, आतच घाम धरतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये.

नव्या पुडीचे कातडे आणि नवी वादी वाजवता वाजवता ताणत जातात, म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत सूर सारखा उतरत राहील. ते दुरुस्ती फसल्याचे लक्षण नव्हे. रोज थोडा वेळ वाजवावे, महिन्याभराने वाद्य कारागिराकडे परत नेऊन वादी पुन्हा एकदा ओढून घ्यावी, आणि त्याच वेळी जुनी पुडी परत मागून घेऊन तिच्या मागे नवी बसवल्याची तारीख लिहून ठेवावी.